नुसती व्यापारी शिल्लक (निर्यात वजा आयात) पाहून निकाल नको

कागद-पुठ्ठ्यात फिनलंडची निर्यात आयातीच्या कितीतरी पट, म्हणून या धंद्यात तो जर्मनीपेक्षा सरस, असं कुणी म्हणतं, ते मला पटलं नाही. फिनलंडची लोकसंख्या जेमतेम ५६ लाख. बनवलेल्यातला ९० टक्क्यांहून जास्त माल बाहेर जातो, कारण घरी वापरणार कोण? जर्मनी युरोपातला सर्वांत मोठा कागद उत्पादक, पण तिथे गिऱ्हाईकही मोठं. त्यामुळे एका प्रतीचा कागद विकायचा, दुसऱ्या प्रतीचा घ्यायचा, असा दुतर्फी धंदा चालतो.

शिवाय जर्मनीच्या गिरण्या मुख्यतः रद्दीवर चालतात, फिनलंडच्या लाकडाच्या ताज्या लगद्यावर. आकडे इथेच फसवतात. सीमाशुल्काच्या एचएस वर्गीकरणात (आयात-निर्यातीच्या मालाला क्रमांक देणारी जागतिक पद्धत) कागद-पुठ्ठा प्रकरण ४८ मध्ये येतो, लगदा आणि रद्दी ४७ मध्ये. फक्त ४८ घेतलंत तर फिनलंडची लगद्याची भरघोस निर्यात हिशेबातच येत नाही.

आणि पुठ्ठा नि छपाईचा कागद एकत्र धरू नका. फिनलंडमधली वर्तमानपत्री कागदाची शेवटची गिरणी, काइपोलाची, बंद करायचं २०२० मध्येच ठरलं. पुठ्ठ्याची गोष्ट वेगळी, त्याला पॅकिंगचा आधार आहे.