फोटोत सूज दिसली नव्हती

शुगरवाल्यांच्या डोळ्यांच्या तपासणीबद्दल एकानं लिहिलंय, ‘डोळ्याच्या पडद्याचा साधा फोटो पुरतो, ओसीटी (पडद्याचे आतले थर दाखवणारं स्कॅन) म्हणजे नुसतं बिल वाढवणं’. गावागावातल्या पहिल्या तपासणीपुरतं मान्य. पण फोटो सपाट असतो. रक्ताचे ठिपके त्यात दिसतात, पडदा किती सुजलाय ते नीट कळत नाही. ओसीटीत प्रकाश आत सोडतात आणि परत येणाऱ्या किरणांवरून थरन् थर मोजतात, सुई न टोचता.

माझ्या बाबांचं सांगते. दिग्रसजवळ आमची कोरडवाहू कपाशी, बाबांना जुनी शुगर. “डवऱ्यामागं चालताना तास वाकडं दिसते,” असं ते म्हणायला लागले, म्हणजे पिकाची सरळ ओळ वाकडी दिसायची. एका शिबिरात मोतीबिंदू काढला, तरी तास वाकडंच. शेवटी नागपूरला ओसीटी झाली. हनुवटी टेकवून समोरच्या हिरव्या खुणेकडे बघायचं, दोन-चार मिनिटांचं काम. पडद्याच्या मधोमध जिथं खळगा हवा तिथं चक्क टेकाड होतं, आत पाण्याचे काळे कप्पे. डोळ्यात दिलेल्या तीन इंजेक्शनांनंतरचं चित्र डॉक्टरांनी पहिल्याशेजारी ठेवलं. टेकाड बसलेलं बाबांनी स्वतः पाहिलं, आणि पुढच्या तारखेला न सांगता एसटीत बसले. म्हणून घरात शुगर असेल तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच पडद्याची तपासणी मागा. मोतीबिंदू फार पिकू देऊ नका. मग प्रकाश आत पोचत नाही आणि ओसीटीचं चित्रही धूसर येतं.