एफ-१५० ला वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लागेल का?

रानवारा (डॅलस):
मंडळी, गाडी फोर्ड एफ-१५० पिकअप, क्रू कॅब (चार दारांची), व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) १४५ इंच. २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घ्यायचं चाललंय. माहितीपत्रकात कोरडं वजन ५,१०० पौंड, टंग वेट (ट्रेलरच्या पुढच्या दांड्याचा, म्हणजे टंगचा, गाडीवर येणारा भार) ५५०. डीलर म्हणतो वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (ताणलेल्या बारांनी टंगचा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरवर वाटणारी जोडणी) घ्याच. ओळखीतले म्हणतात, मागे एअरबॅग (स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) टाका, भागतं. काय बघून ठरवायचं?

दांडपट्टा:
आधी ते कोरडं वजन विसरा. त्यात पाणी, भांडीकुंडी, अंथरुणं काही धरलेलं नसतं. गॅसचे २० पौंडी दोन सिलिंडर भरले की ७० पौंडांच्या वर जातात आणि बसतात नेमके टंगवर. पाणी गॅलनला ८.३ पौंड. भरलेला ट्रेलर ६,२०० धरा. ट्रॅव्हल ट्रेलरचं टंग वेट एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. १३ टक्क्यांनी ८०० पौंड झाले.

आता गाडीच्या मागे वाकून रिसीव्हरवरचा (हिच बसते त्या चौकोनी नळीवरचा) स्टिकर वाचा. 'वेट कॅरिइंग' आणि 'वेट डिस्ट्रिब्युटिंग' असे दोन वेगळे आकडे असतात. एफ-१५० वर पहिला, म्हणजे या हिचशिवायचा, साधारण ५,००० पौंड ट्रेलर आणि ५०० पौंड टंग. तुमच्या स्टिकरवर हेच असेल तर ही हिच लागणारच, चर्चेला जागाच नाही.

अडकित्ता:
एअरबॅगने मागचा भाग उचलला जातो, पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत येत नाही. बॉल (ट्रेलर ज्यावर बसतो तो हिचचा गोळा) मागच्या ॲक्सलच्या सुमारे ५८ इंच मागे असतो. ८०० गुणिले ५८ भागिले १४५, म्हणजे ३२० पौंड पुढच्या ॲक्सलवरून कमी. स्टिअरिंग हलकं लागतं, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरतात. दिसायला गाडी सरळ, म्हणून फसगत होते.

खात्री करायची तर ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ॲक्सलवार वजन देणाऱ्या काट्यावर) जा. नुसती गाडी, मग ट्रेलर जोडून बार न लावता, मग बार लावून. २४ तासांत पुन्हा वजन केलं तर रीवेचा (फेरवजनाचा) कमी दर लागतो. वरच्या हिशोबाने आकडे अंदाजे असे येतील: नुसती गाडी पुढे ३,१०० मागे २,५००, बारशिवाय २,७८० आणि ३,६२०, बार लावून २,९४० आणि ३,३७०. उरलेले ९० पौंड ट्रेलरच्या ॲक्सलवर जातात.

दांडपट्टा:
म्हणजे या हिचने पेलोड (गाडीवर लादता येणारं एकूण वजन) वाढत नाही, हेही लक्षात घ्या. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर बघा. तिथे १,५०० असेल तर ८०० टंग, १०० ची हिच, चार माणसांचे ६००. संपलं! कूलरलाही जागा नाही. खरा अडसर बऱ्याचदा इथेच असतो.

रानवारा:
रिसीव्हरच्या स्टिकरवर ५,०००/५०० च आहे. बार किती ताणायचे?

अडकित्ता:
सपाट जागी पुढच्या चाकाच्या मधोमध, जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या. समजा ३७ इंच. ट्रेलर जोडून, बार न लावता ३८ झालं, तर बार लावून ३७.५ वर आणा. एफ-१५० च्या अलीकडच्या पुस्तिकांत ही अर्ध्यावर आणायची पद्धत आहे. दुसऱ्या गाडीला तिचीच पुस्तिका बघा. जास्त ताणलं तर मागची चाकं हलकी होतात आणि निसरड्यावर गाडी-ट्रेलरची घडी पडते. बार अडकवायच्या साखळीची कडी बदलून भागत नसेल तर हिच हेडचा (बॉल आणि बार बसतात त्या भागाचा) कल वॉशर घालून बदला.

बार चढवताना कपलर (ट्रेलरची बॉलवर बसणारी वाटी) बॉलवर लॉक करून टंग जॅकने जोडणी वर उचला, म्हणजे ताण कमी होतो. तरी बार अडकवायच्या ब्रॅकेटच्या समोर उभं राहू नका, बार सुटला तर नडगी फोडतो.

चाकजोडी:
एक राहिलं. ट्रेलर डुलतो तो बहुतेक वेळा टंग वेट १० टक्क्यांखाली असल्याने. त्यावर बार ताणणं हा इलाज नाही, सामान पुढे सरकवा. वेगळा फ्रिक्शन स्वे बार (घर्षणाने डुलणं रोखणारा दांडा) लावलात तर रिव्हर्स घेण्याआधी काढा, नाहीतर वळताना वाकतो.