लष्करातला वरिष्ठ डॉक्टर रुग्ण पाहतो की फायली?

कृष्णाकाठ, सातारा
माझी पुतणी बारावीला असून, पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयातच (एएफएमसी) जायचे, असे तिने मनाशी पक्के केले आहे. आमच्या भावकीत फौजी पुष्कळ आहेत, परंतु वर्दीतला डॉक्टर आजवर कोणी झाला नाही. थोरल्या बंधूंचे म्हणणे असे की, हुद्दा वाढला की रुग्ण सुटतात आणि डॉक्टर नुसता सल्लागार उरतो. हे कितपत खरे आहे?

निवृत्त वैद्यकीय अधिकारी, सांगली
बंधूंची शंका निराधार नाही, पण अर्धीच खरी आहे. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरला ग्रेडेड स्पेशालिस्ट, क्लासिफाइड स्पेशालिस्ट, सिनियर अ‍ॅडव्हायजर अशा पायऱ्या चढत दीर्घकाळ वॉर्डातच राहता येते. दुसरी वाट प्रशासनाची. तीत डिव्हिजनच्या (हजारो जवानांच्या मोठ्या लष्करी विभागाच्या) मुख्यालयातील एडीएमएस (असिस्टंट डायरेक्टर मेडिकल सर्व्हिसेस) हा तिथल्या जनरलचा वैद्यकीय सल्लागार असतो.

'नुसता सल्लागार' हे मात्र मला पटत नाही. लडाखमध्ये तुकडी वर न्यायची असेल, तर ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, पुढे १५,००० फुटांपर्यंत चार आणि त्याहून वर आणखी चार दिवस शरीर हवेला सरावू द्यावे लागते. कमांडरला घाई असते, आणि अशा वेळी 'साहेब, आज नाही' हे त्याच्या तोंडावर सांगणे डॉक्टरचे काम असते, कारण घाईने वर गेलेल्या धडधाकट जवानाच्याही फुप्फुसांत पाणी भरून तो रातोरात दगावू शकतो. १९६२च्या युद्धानंतर आपल्याच लष्करी डॉक्टरांनी या विकाराचा बारकाईने अभ्यास केला. असे ठामपणे सांगण्याचे बळ मुख्यालयात बसून येत नाही; बटालियनचा आरएमओ, म्हणजे जवानांसोबत राहणारा त्यांचा डॉक्टर, म्हणून लंगरचे पाणी आणि जवानांचे पाय तपासत काढलेल्या वर्षांतून ते येते.

माणदेशी
वरील उत्तरात थोडी भर घालतो. या सेवेतले सर्वोच्च पद सशस्त्र दल वैद्यकीय सेवांच्या महासंचालकांचे असून, संरक्षण मंत्रालयाला वैद्यकीय बाबतीत सल्ला तेच देतात. १ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरल आरती सरीन या पदावर आलेल्या पहिल्या महिला ठरल्या. त्या एएफएमसीच्याच विद्यार्थिनी असून तिन्ही दलांत त्यांनी सेवा केली आहे. मुलांच्या मूत्रपिंडविकारांच्या तज्ज्ञ माधुरी कानिटकर २०२०मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या आणि पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. पुतणीला ही नावे जरूर सांगा. बंधूंना मात्र प्रवेशाच्या वेळचे सेवेचे बंधपत्र आधी वाचायला द्या. शिक्षण झाल्यावर सेवा नाकारली तर भरावी लागणारी रक्कम मोठी असते, आणि घरात खरा वाद त्यावरूनच होतो.