पाळीव जिवांचं पाण्याचं भांडं आणि शेवाळ: तुमचे अनुभव लिहा

मागच्या मे महिन्यात आमच्या राणीनं अंगणातल्या भांड्याला तोंड लावणं सोडलं. सारखी न्हाणीघरातल्या बादलीकडे पळायची. एकदा सहज भांड्यात आतून बोट फिरवलं, तर साबण चोळल्यासारखा बुळबुळीत थर हाताला लागला आणि काठाखाली हिरवी रेघ दिसली. पाणी रोज भरत होते हो, पण जुन्यातच नवं ओतत होते. तो थर जिवाणूंचा असतो, नुसत्या विसळण्यानं निघत नाही. हिरवं नंतर दिसतं, बुळबुळीत आधी होतं. आता रोज सकाळी सगळं ओतून, घासणीनं घासून, मगच भरते. भांडंही उन्हातून उचलून जिन्याखाली ठेवलंय, कारण उन्हात शेवाळ लवकर वाढतं. कुत्रा, मांजर, गाय, पक्षी, कुणाच्याही भांड्याबद्दल लिहा.

*

आमच्याकडे बोअरचं पाणी. भांड्याला क्षारांचा पांढरा खर धरतो आणि त्या खरखरीत जागी शेवाळ लवकर बसतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घालून अर्धा तास ठेवते, मग खर सुटतो. नंतर तीनदा धुते. जरा वास राहिला तरी बोका फिरकत नाही. प्लास्टिकचं भांडं टाकून दिलं, चरे पडले की त्यात घाण अडकते. आता स्टील.

*

कृपा करून फिनेल वापरू नका. मी एकदा फिनेलच्या फडक्यानं भांडं पुसलं आणि मांजरीच्या तोंडातून लाळ गळायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, फिनेलमधलं फिनॉल मांजराच्या शरीरातून सहज बाहेर पडत नाही. ती वाचली. मला तो दिवस विसरता येत नाही.

*

गच्चीवर चिमण्यांसाठी मातीचं परळ ठेवतो. माती पाणी शोषते, तसा साबणही शोषते, म्हणून साबण नाही. काथ्या आणि कढत पाणी. परळं दोन आहेत, एक भरलेलं आणि एक उन्हात पालथं.

*

ताई, गोठ्यातला हौद आम्ही दर पंधरा दिवसांनी रिकामा करतो, खराट्यानं घासतो, वाळवतो आणि आतून चुना लावतो. शेवाळ धरत नाही. घासायचं आणखी एक कारण म्हणजे डेंग्यूचा डास पाण्याच्या वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. पाणी ओतून दिलं तरी अंडी तिथंच, पुन्हा भरलं की अळ्या.

*

अंड्यांचं माहीत नव्हतं, दादा. आजच काठापर्यंत घासून घेतलं. राणी आता भांड्यातलंच पाणी पिते, पण जाता-येता बादलीत एकदा डोकावतेच.