जुनं बियाणं टिकलं ते हौशीमुळे नाही

जुन्या बियाण्यावरच्या या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की जुन्या भाताच्या जाती केवळ म्हाताऱ्यांच्या हौसेपायी टिकल्या. आमच्या सिंधुदुर्गातल्या घरापुरतं तरी हे पटत नाही. भरडावर, म्हणजे उंचावरच्या जमिनीत, पाणी ठरत नाही, तिथे हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भातच हवं. मळ्यात, म्हणजे सखल, ओल धरणाऱ्या जमिनीत, उशिरा तयार होणारं गरवं चालतं. गोव्यात खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीत कोरगुट ही भाताची जात लावतात, कारण तिथे दुसरं धड उभं राहत नाही. आणि पेजेला लाल तांदूळच लागतो, त्यात तडजोड नाही. एकाच घरात तीन-चार जाती राहिल्या त्या या हिशोबाने.

बियाणं बँकांबद्दल बरंच बोलून झालं, पण सोयऱ्यांमधल्या बियाण्याच्या देवाणघेवाणीचा मुद्दा कुणी काढला नाही. एका वर्षी कापणीच्या ऐन तोंडावर पाऊस लागला आणि आमचं वालय जातीच्या भाताचं सगळं बी शेतातच उगवलं. आई आत्याकडे गेली नि पायलीभर बी घेऊन आली. ते मुळात आमच्याच घरातून तिकडे गेलेलं! पुढच्या वर्षी पायलीला पायली परत, वर एक नारळ. आत्याची बियाण्याची मुडी अजून डोळ्यांसमोर आहे: पेंढ्यात घट्ट गुंडाळलेली, चुलीच्या वर टांगलेली, धुराने काळी पडलेली.

भात बहुतांशी स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागाने दाणा धरणारं, त्यामुळे घरचं बी फारसं बिघडत नाही. तरी आई कापणीआधी शेतात फिरून वेगळी दिसणारी लोंबी उपटून टाकायची, बियाण्याचा कोपरा शेवटी कापायची. संकरित वाणाला हे काही चालत नाही, दरवर्षी पिशवी विकतच आणावी लागते.