मालवणला जाताय? काय खायचं, काय बघायचं, कुठे फसायला होतं (अनुभव धागा)

दिवाळी जवळ आली की मालवणची चौकशी सुरू होते. "मस्त आहे, नक्की जा" एवढंच लिहू नका. किती वाजता जायचं, काय मागायचं, कशाला नाही म्हणायचं, ते लिहा.

*

हॉटेल बुक करण्याआधी पंचांग उघडा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अदमासे वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती, अष्टमीला सहाला. पुढे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. रॉक गार्डनला ओहोटीतच जा, तेव्हाच खडकांतली डबकी उघडी पडतात. हिरवट खडकावर मात्र पाय टाकू नका, शेवाळावर चप्पल धरत नाही.

देवबागच्या संगमावर याच्या उलट. ओहोटीला कर्ली नदीचं पाणी समुद्राकडे ओढ घेतं आणि पायाखालची वाळू सरकते. पाणी गुडघाभर दिसतं म्हणून पोरांना सोडू नका. पोहायचंच तर तारकर्लीला, तेही स्थानिकांना विचारून.

*

थाळीचा दर माशावर ठरतो, त्यामुळे पाटीवरची सुरमई थाळी डोळे झाकून मागवू नका. "आज ताजा काय गावला?" असं विचारा. उत्तर बांगडा किंवा सौंदाळे आलं तर तेच घ्या. पर्यटक सुरमई-पापलेटच मागतात, म्हणून ते बर्फातले असण्याची शक्यता जास्त. बांगड्याच्या तिखल्यात (दाटसर तिखट कालवणात) तिरफळं, म्हणजे मसाल्याची छोटी फळं असतात; ती वासापुरती, चावलीत तर जीभ बधिर होते. तळलेला मासा रव्याचा की बिनरव्याचा, हे आधीच सांगा. जाड रव्याखाली शिळा मासा सहज खपतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत "ताजी सुरमई" ऐकलीत की हसून सुका बांगडा नाहीतर खाडीतलं काही मागवा.

*

सोलकढीबद्दल. खरी सोलकढी फिकट गुलाबी असते. भडक रंग आणि गोडसर चव म्हणजे आगळाऐवजी (कोकमाचा खारवलेला रस) सरबताचा सिरप. घरी करायची तर एका नारळाच्या दुधाला दोन-तीन मोठे चमचे आगळ, दोन लसूण पाकळ्या आणि एक हिरवी मिरची वाटून. आगळ खारट असतं, मीठ शेवटी चाखून. गॅसवर ठेवू नका, फाटते. येताना बाटली घ्याल तेव्हा लेबल वाचा; 'कोकम सरबत' आणि 'कोकम आगळ' शेजारीशेजारी ठेवलेले असतात.

*

शाकाहारी मंडळींनी डाळ-भातावर भागवू नये. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे मागा. वाटाणे रात्रभर भिजावे लागतात, म्हणून घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगा. शिरवाळ्यांचंही तसंच: तांदळाच्या गरम उकडीच्या शेवया साच्यातून पाडतात आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खातात. गार झाल्या की चिवट, पार्सल नको.

*

सिंधुदुर्ग किल्ला: होडी धक्क्यावरून सुटते आणि साधारण तासाभराने त्याच होडीने परतावं लागतं. ४८ एकरांचा किल्ला तासात होत नाही. तेव्हा आधी शिवराजेश्वर मंदिर, मग शिवाजी महाराजांच्या हाता-पायाचा ठसा, मग दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरी. उरलेल्या वेळात तट. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, होडीतून शोधून बघा. सकाळची पहिली फेरी धरा, बारानंतर दगड तापतो. पावसाळ्यात होड्या बंद. वेळ उरला तर किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडाही बघा, १६६४ साली किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा तिथे झाली.

*

स्कूबासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी, पाणी त्यातल्या त्यात निवळ असतं. मुखवट्यात पाणी शिरतं ते बहुतेक वेळा कडेत अडकलेल्या केसांमुळे किंवा मिशीमुळे. खाली जाताना कान दुखायच्या आत नाक चिमटीत धरून हलकेच फुंका. दुखेपर्यंत थांबलात तर फुंकून उपयोग नाही, थोडं वर या. सर्दी असेल तर त्या दिवशी बेत रद्द. दमा, हृदयविकार, गरोदरपण असेल तर उतरूच नये. भरपेट वडे खाऊनही नको, होडी नांगरावर डुलते. आणि त्याच दिवशी चिपीहून विमान पकडू नका, मध्ये किमान बारा तास जाऊ द्या.

*

मासे विकत घ्यायचे असतील तर संध्याकाळी लिलाव बघा, पण बोली लावू नका, तिथे टोपलीच्या टोपली जाते. नंतर मासे विकणाऱ्या मावशींकडून वाट्यावर (छोट्या ढिगाने) घ्या. कल्ले लालभडक, डोळा फुगीर, आणि बांगडा शेपटीला धरला तर ताठ राहिला पाहिजे. कापून हवा असेल तर "आमटीला" की "तळायला" ते सांगा, तुकडी त्याप्रमाणे पडते.

*

फेब्रुवारीच्या आसपास जाणार असाल तर आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख आधी काढा. ती तिथीवर नसते, देवीच्या कौलाने ठरते. त्या दिवसांत मालवणात खोली मिळत नाही आणि कुडाळ स्टेशनवर रिक्षाही.

*

खाजा (गुळाच्या पाकातल्या बेसनाच्या कांड्या) राहिला की! आल्याचा वास येणारा, कडकन मोडणारा घ्या. वातड झालेला दमट हवेत उघडा राहिलेला असतो.