डोंगरातल्या शर्यतीत प्रथमोपचाराची जबाबदारी कोणाची आणि कुठपर्यंत?

जांबोटी_वाट (प्रश्न)

नमस्कार. बेळगावातील आम्ही काही धावणारी मंडळी सप्टेंबरच्या अखेरीस जांबोटी–कणकुंबी पट्ट्यात साधारण २५ किलोमीटरची डोंगरधाव घेण्याच्या तयारीत आहोत. मार्ग भीमगड अभयारण्याच्या हद्दीबाहेरून, गावांच्या गायरानांतून आणि पायवाटांनी जातो. स्पर्धक दीडशेच्या आतच ठेवायचे आहेत. आमच्यापैकी बहुतेकांचे म्हणणे असे आहे की, शेवटच्या रेषेपाशी एक रुग्णवाहिका उभी केली, पाणवठ्यांवर प्रथमोपचाराच्या पेट्या ठेवल्या आणि प्रत्येकाकडून ‘स्वतःच्या जबाबदारीवर धावत आहे’ असे लिहून घेतले, म्हणजे आपले काम झाले. राजहंसगडाच्या परिसरात धावताना एवढे पुरते, कारण तिथे गडापर्यंत गाडी जाते. पण इथे मधल्या आठ-नऊ किलोमीटरांत ना रस्ता आहे, ना मोबाईलची रेंज. त्या टप्प्यात कोणी पडले, तर रुग्णवाहिकेचा उपयोग काय, हा प्रश्न मी बैठकीत विचारला आणि त्याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अपघात_विभाग

मी तातडीच्या उपचारांच्या विभागात काम करतो आणि काही शर्यतींना वैद्यकीय मदतीसाठी गेलो आहे. आपला प्रश्न योग्य जागी बोट ठेवतो. रुग्णवाहिका रस्त्यावर उभी असते आणि रुग्ण वाटेवर पडलेला असतो, त्यामुळे या दोहोंमधल्या अंतरात कोण काय करणार हे आधी ठरवणे, हीच आयोजकाची खरी वैद्यकीय जबाबदारी. पेटीतल्या पट्ट्या आणि मलमे खरचटलेल्या गुडघ्यापुरती असतात. जीव जातो तो चार-पाच ठरावीक कारणांनी, आणि त्यांतल्या प्रत्येकाची तयारी वेगळी करावी लागते.

पहिले कारण उष्माघात. सप्टेंबरात पाऊस उघडला की घाटमाथ्यावर दमट उकाडा होतो आणि चढावर जोर लावणाऱ्या तरुणाच्या शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर सहज जाते. नुसता थकलेला माणूस आपले नाव, गाव नीट सांगतो. उष्माघाताचा रुग्ण असंबद्ध बोलतो, भांडतो, झोकांड्या खातो. त्याला अंग घामाने भिजलेले असतानाही उष्माघात होऊ शकतो, म्हणून ‘घाम येतोय म्हणजे ठीक आहे’ हा समज सोडावा. अशा वेळी आधी थंड करायचे आणि मग हलवायचे, हा क्रम उलटा होता कामा नये, कारण पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरले तर रुग्ण बहुधा वाचतो. त्यासाठी महागडे काही लागत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात घरोघरी असते तशी एक जाड ताडपत्री घ्यावी, चौघांनी तिची टोके उचलून धरावीत, मध्ये रुग्णाला निजवावे आणि थर्माकोलच्या पेट्यांत आणलेला बर्फ पाण्यासह त्याच्या अंगावर ओतून ते पाणी हलवत राहावे. एकाने फक्त डोके आणि तोंड पाण्याबाहेर राहील एवढेच पाहावे. कपाळाला लावायचा तापमापक इथे फसवतो, त्याच्या आकड्यावर विसंबू नये. गुदमार्गाने तापमान घेणारी प्रशिक्षित व्यक्ती हजर असेल, तर ३९ अंशांच्या आसपास थंड करणे थांबवता येते.

दुसरे कारण याच्या नेमके उलट आणि म्हणूनच फसवे आहे. मागून येणारे, सावकाश धावणारे स्पर्धक प्रत्येक पाणवठ्यावर ‘पाणी पी, पाणी पी’ या आग्रहाने गरजेपेक्षा जास्त पितात आणि रक्तातील सोडियम घसरते. डोके दुखते, मळमळते, बोटे सुजून अंगठी घट्ट होते, पुढे बरळणे आणि झटके सुरू होतात. अशा माणसाला आणखी पाणी पाजणे किंवा अंदाजाने सलाईन लावणे घातक ठरते. स्वयंसेवकांना एवढेच शिकवावे की, तहान लागेल तसे प्यायला सांगा, आग्रह करू नका.

साप चावल्यास आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, रक्त चोखणे यांतले काहीही करू नये. अवयव काठीच्या आधाराने स्थिर करावा आणि रुग्णाला चालू न देता उचलून न्यावे. घोणस, फुरसे, नाग आणि मण्यार या चारही सापांच्या विषावर चालणारी लस उपलब्ध असते. मात्र ज्या रुग्णालयात न्यायचे ठरवले आहे, तिथे ती त्या दिवशी आहे का, हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे. आग्या मोहोळाचा धोका आयोजक विसरतात. मार्गालगतच्या कड्यांवर पोळी असतील तर शर्यतीच्या सुरुवातीला फटाके वाजवू नयेत आणि वाटेवर शेकोट्या पेटवू नयेत. दंशानंतर कोणाचा श्वास कोंडला, तर मांडीच्या स्नायूत अॅड्रेनालिन देणारा डॉक्टर किंवा परिचारिका जवळ हवी, कारण तिथे मिनिटांचा हिशेब असतो.

हृदय बंद पडण्याच्या घटना बहुधा शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात घडतात. म्हणून विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र शेवटच्या रेषेजवळ ठेवावे आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती दाबण्याचा सराव स्वयंसेवकांकडून आधीच करून घ्यावा.

शेवटचा_गडी

डॉक्टरांनी सांगितले ते रुग्णापाशी पोहोचल्यानंतरचे झाले. माणूस पडला आहे हे कळणार कसे, तेही पाहायला हवे. मी शर्यतींमध्ये सर्वांच्या मागून चालत येण्याचे काम करतो. माझा अनुभव असा की, दर दोन-तीन किलोमीटरवर बसलेल्या स्वयंसेवकाने येणाऱ्या प्रत्येकाचा छातीवरचा क्रमांक वहीत लिहिला आणि पुढच्या ठाण्याशी ताळा केला, तर हरवलेला माणूस अर्ध्या तासात लक्षात येतो. नाहीतर तो बक्षीस समारंभानंतर लक्षात येतो. रेंज नसलेल्या टप्प्यात बिनतारी संच चालतात का, हे प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासावे, कारण एक डोंगर आड आला की आवाज बंद. ते शक्य नसेल तर दुचाकीवरचा पोऱ्या निरोप्या म्हणून ठेवावा.

उचलून नेण्याचे गणितही कागदावर मांडून पाहावे. चिखलाच्या पायवाटेवर एका रुग्णाला नेण्यासाठी आळीपाळीने खांदा देणारे सहा ते आठ जण लागतात आणि तरीही तासाला किलोमीटरभर अंतर कापले तर पुष्कळ झाले. खानापूर तालुक्यातील जंगलातल्या वाड्यांवरची माणसे पावसाळ्यात आजाऱ्याला बांबू आणि घोंगडीच्या डोलीतून रस्त्यापर्यंत आणतात. त्यांच्याइतकी वाट आणि वजन दोन्ही ओळखणारी मंडळी शहरातल्या क्लबात नाहीत. त्यांना योग्य मोबदला देऊन मधल्या टप्प्यात बसवावे, निव्वळ पाणी वाटायला नको.

आणखी एक, सीमाभागातली खास अडचण. १०८ वर फोन लावला की पलीकडची व्यक्ती बहुधा कन्नडमध्ये बोलते आणि घाबरलेल्या माणसाला त्या वेळी शब्द सुचत नाहीत. प्रत्येक ठाण्यावर एक पुठ्ठा ठेवा. त्यावर ठाण्याचा क्रमांक, जवळच्या गावाचे नाव आणि गाडी कुठपर्यंत येते, हे कन्नड आणि मराठी दोन्ही लिप्यांत मोठ्या अक्षरांत लिहा आणि कन्नड चांगले बोलणारा एक जण तिथे नेमा.

कोर्टाची_पायरी

संमतीपत्राबद्दल थोडक्यात लिहितो. दगडावरून पाय घसरणे यासारखा खेळातच असलेला धोका स्पर्धकाने पत्करला, असे त्या कागदावरून म्हणता येते. आयोजकाच्या निष्काळजीपणाला मात्र तो कागद संरक्षण देत नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो आणि फौजदारी गुन्ह्यात मृताने आधी दिलेली सही ढाल होत नाही. नुकसानभरपाईचा दावा वेगळाच. चौकशीत विचारले जाते ते असे: धोका आधी कळण्यासारखा होता का, आणि तो कळून तुम्ही काय केलेत? म्हणून सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा वैद्यकीय आराखडा, ठाण्यांच्या वह्या आणि वनखाते, पोलीस व ग्रामपंचायतीला दिलेली पत्रे जपून ठेवा. आणि शर्यत थांबवण्याचा अधिकार एका व्यक्तीकडे लेखी द्या. ती व्यक्ती प्रायोजकांशी बोलणारी नसावी.

जांबोटी_वाट

सर्वांचे आभार. एक शंका उरते. स्पर्धकांनी सोबत काय बाळगावे याची सक्ती करावी का? आमच्याकडे येणाऱ्यांत आसपासच्या गावांतील, सैन्यभरतीची तयारी करणारी मुले बरीच असतील. ती साध्या बुटांवर, बनियनवर धावतात आणि त्यांना हजारांचे जाकीट घ्या म्हणणे मला पटत नाही.

घाटमाथा_धाव

सक्ती करावी, पण खर्च क्लबने उचलावा. चीनमधील गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी झालेल्या १०० किलोमीटरच्या शर्यतीत १७२ धावपटूंपैकी २१ जण दगावले. अचानक गार वारा, पाऊस आणि गारा आल्या, बहुतेकांच्या अंगावर तोकडे, पातळ कपडे होते आणि वारा अडवणारे जाकीट सक्तीच्या यादीत नव्हते. सर्वांत वाईट अवस्था दुसऱ्या आणि तिसऱ्या ठाण्यांमधल्या उंच टप्प्यात झाली, जिथे गाडी पोहोचत नव्हती. काहींचा जीव वाचला तो एका मेंढपाळाने त्यांना आपल्या गुहेत नेऊन शेकोटी पेटवली म्हणून. आपला घाटमाथा तेवढा उंच नाही, हे खरे. तरी कणकुंबीच्या पावसात भिजून, पाय मुरगळून वाऱ्यावर दोन तास बसलेला माणूस थंडीने गारठून बेशुद्धीकडे जाऊ शकतो, कारण धावणे थांबले की अंगातली ऊब पटकन जाते.

म्हणून प्रत्येकाला क्रमांकाच्या पाकिटातच एक शिट्टी आणि चंदेरी बचाव-चादर द्या. दोन्ही मिळून फार खर्च नाही आणि वजन नगण्य आहे. चादरीच्या आत ओले कपडे काढून कोरडे काहीतरी घालायला सांगा, नुसती वरून गुंडाळली तर तिचा उपयोग अर्धाच होतो. शिवाय युरोपातील माँ ब्लाँच्या शर्यतींत जसा नियम आहे, तसा तुमच्याही नियमावलीत घाला की, संकटात सापडलेल्या स्पर्धकाला मदत करणे प्रत्येक धावपटूला बंधनकारक आहे. त्यात गेलेला वेळ निकालातून वजा होईल, हेही लिहा. भरतीची मुले स्वतःला काही होत असले तरी थांबत नाहीत, आणि निकाल बिघडेल या धास्तीने दुसऱ्यासाठीही थांबायला बिचकतात; हा नियम त्यांना थांबण्याची मोकळीक देतो.

अपघात_विभाग

याला जोडून एक विनंती. शर्यतीच्या आधीच्या रविवारी डॉक्टर, रुग्णवाहिकेचा चालक आणि डोलीवाले गडी यांना सोबत घेऊन मधला टप्पा एकदा चालून पाहा आणि एका स्वयंसेवकाला डोलीत निजवून तो प्रत्यक्ष रस्त्यापर्यंत आणा. किती वेळ लागला ते घड्याळ लावून लिहून ठेवा. तो वेळ दीड तासाच्या वर गेला, तर मार्ग बदला किंवा डॉक्टरालाच त्या टप्प्याच्या मध्यावर बसवा.